सीडी४ सगळ्यांचा सारखा नसतो: माकडं, चिंपांझी आणि एचआयव्हीचं कुळ

सांगली, मिरज किंवा साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीवरच्या औषधांसाठी, म्हणजे एआरटीच्या गोळ्यांना, जाणारी माणसं आपला सीडी४चा आकडा तोंडपाठ ठेवतात. सीडी४ हे रोगाशी लढणाऱ्या काही पेशींच्या अंगावरचं प्रथिन; रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये ते असलेल्या पेशी किती, एवढंच तो आकडा सांगतो. निरोगी मोठ्या माणसात साधारण ५०० ते १५००. तो २०० च्या खाली गेला की आजार बराच पुढे गेलाय असं धरून डॉक्टर टीबी, न्यूमोनिया, मेंदूतला बुरशीचा संसर्ग यांचा शोध घेऊ लागतात. सीडी४ किती, हे या रिपोर्टात असतं. सीडी४ कसा, हे नसतं. माणसाच्या बाबतीत ते असायची गरजही पडत नाही, कारण विषाणू सीडी४च्या ज्या भागाला धरतो तो भाग जगातल्या सगळ्या माणसांत जवळपास अक्षर न् अक्षर सारखा आहे.

चिंपांझीत तसं नाही. रानातल्या चिंपांझींमध्ये याच भागाचे ९ वेगवेगळे प्रकार सापडले आहेत. एका प्रकाराच्या पेशीत जो विषाणू सहज शिरतो, तो दुसऱ्या प्रकाराच्या पेशीबाहेरच अडकतो. एचआयव्ही माणसात कुठून आला आणि आल्यावर इतका मोकाट का पसरला, हे समजून घ्यायला या फरकाइतकी चांगली वाट दुसरी नाही.

विषाणू धरतो कुठे

सीडी४ हे मदतनीस टी पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. त्याचे चार भाग एकावर एक रचलेले असतात आणि सगळ्यात बाहेरच्या भागाला डी१ म्हणतात. सीडी४चं मूळ काम रोगप्रतिकाराचं आहे: दुसऱ्या पेशीने एमएचसी-२ नावाच्या प्रथिनावर परक्या जंतूचा तुकडा मांडून दाखवला की त्याला टेकायचं आणि टी पेशीला इशारा पोचवायचा. एचआयव्ही आणि त्याचे माकडांतले भाऊबंद, ज्यांना एसआयव्ही म्हणतात, यांनी हेच प्रथिन आत शिरण्यासाठी धरलं. हे १९८४ साली कळलं.

विषाणूच्या अंगावर जीपी१२० नावाचं प्रथिन असतं. त्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग साखरेच्या साखळ्यांचा. हे जीपी१२० सीडी४च्या डी१ भागाला चिकटतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; डी१मधलं ४३ वं अमिनो आम्ल फेनिलॲलानिन आहे. ते पुढे आलेलं असतं आणि जीपी१२०मधल्या एका खोबणीत नेमकं जाऊन बसतं. ५९ व्या जागेवरच्या आर्जिनिनवर धन भार असतो, तो जीपी१२०च्या ऋण भाराला ओढून धरतो. ही पकड बसली की जीपी१२०चा आकार बदलतो आणि दुसऱ्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या पकडीच्या दुसऱ्या प्रथिनाला, चिकटायची जागा उघडी पडते. हा दुसरा रिसेप्टर बहुतेक वेळा सीसीआर५ असतो, काही विषाणूंसाठी सीएक्ससीआर४. त्याच्याशी गाठ पडल्यावर जीपी४१ नावाचं प्रथिन दुमडतं, विषाणूचं आवरण आणि पेशीचं आवरण एक होतं आणि विषाणूचा ऐवज पेशीत उतरतो. सीसीआर५ आणि सीएक्ससीआर४ची ही भूमिका १९९६ साली उलगडली.

यातली पहिली पायरी चुकली तर पुढची एकही घडत नाही. म्हणून डी१मधला एखादाच बदलसुद्धा सगळा खेळ थांबवू शकतो.

घरच्या कॉम्प्युटरवर पाहण्यासारखं

कराड, इस्लामपूर, विट्याच्या कॉलेजांत बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्यांनी ही जागा स्वतः पाहावी. युनिप्रॉट हा प्रथिनांचा मोफत संग्रह आहे. त्यात पी०१७३० या क्रमांकावर माणसाचा सीडी४ मिळतो, ४५८ अमिनो आम्लांचा.

इथे एक खाचखळगा आहे आणि बहुतेक विद्यार्थी त्यात पडतात. पहिली २५ अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाला पेशीच्या पृष्ठभागाकडे नेणारी चिठ्ठी. ती काम झाल्यावर कापून टाकली जाते. शोधनिबंधांत मोजणी त्या कापलेल्या जागेनंतर सुरू होते, युनिप्रॉटमध्ये मात्र पहिल्या अक्षरापासून. म्हणून निबंधात ४३ लिहिलं असेल तर संग्रहात ६८ व्या जागी पाहायचं. ५९ असेल तर ८४ व्या. २५ मिळवायला विसरलात तर भलतंच अमिनो आम्ल समोर येईल आणि निबंधच चुकलाय असं वाटेल.

आता मूळ मोजणीने ६६, ६७, ६८ या जागा पाहा, म्हणजे संग्रहातल्या ९१ ते ९३. तिथे एन, एफ, पी ही तीन अक्षरं दिसतील: ॲस्परॅजिन, फेनिलॲलानिन, प्रोलिन. आपल्या शरीरातल्या पेशी प्रथिनांना साखरेच्या साखळ्या एका नियमाने जोडतात. आधी ॲस्परॅजिन हवं, त्यानंतर प्रोलिन सोडून काहीही चालेल, आणि तिसऱ्या जागी सेरीन किंवा थ्रिओनिन हवं. माणसाच्या या तीन अक्षरांत पहिलं बरोबर आहे, दुसरं चालण्यासारखं आहे, तिसरं मात्र प्रोलिन आहे. त्यामुळे साखर जोडली जात नाही.

प्रोलिनचा डीएनएमधला शब्द नेहमी सी-सीने सुरू होतो, थ्रिओनिनचा ए-सीने. म्हणजे एका सीच्या जागी ए आला की पुरे. चिंपांझींच्या काही प्रकारांत नेमकं हेच झालं आहे. ६८ व्या जागी प्रोलिन जाऊन थ्रिओनिन आलं, तीन अक्षरांचा नियम पूर्ण झाला आणि ६६ व्या ॲस्परॅजिनवर साखरेची एक अख्खी साखळी लटकली. डीएनएच्या एका अक्षराने पेशीच्या दारात एवढा मोठा अडथळा उभा राहावा, हे आम्हाला या सगळ्या विषयातलं सर्वांत थक्क करणारं वाटतं.

चिंपांझीतले ९ प्रकार

चिंपांझीच्या डी१वर एक साखर आधीपासून आहे, ३२ व्या जागी, आणि ती त्यांच्या प्रत्येक प्रकारात आहे. माणसाच्या डी१वर एकही साखर नाही. आपल्या सीडी४च्या साखरा आतल्या भागांवर आहेत, विषाणूच्या हाताला न लागणाऱ्या.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या बिएट्रिस हान यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की चिंपांझीतले तीन बदल सर्वांत परिणामकारक आहेत. २५ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन, ४० व्या जागीही तोच बदल, आणि वर सांगितलेला ६८ व्या जागेचा. पहिले दोन भाराने काम करतात: ग्लुटामिनवर भार नसतो, आर्जिनिनवर धन भार असतो, आणि विषाणू जिथे टेकतो तिथे असा नको तो भार आला की पकड सुटते. तिसरा बदल साखरेने काम करतो. जीपी१२० मुळातच साखरांनी झाकलेलं. समोर सीडी४वरही साखर आली की दोन्हींच्या साखळ्या एकमेकांना अडवतात आणि जवळ येऊच देत नाहीत.

विषाणू साखरेचं हे पांघरूण प्रतिपिंडांपासून लपण्यासाठी वापरतो. तेच त्याला इथे नडतं.

हे संरक्षण संपूर्ण नाही, हे लगेच सांगायला हवं. चिंपांझीतल्या एसआयव्हीचे काही वाण या बदललेल्या सीडी४लाही धरायला शिकले आहेत. कोणता वाण कोणत्या प्रकारापाशी अडतो हे जोडीजोडीवर ठरतं. सर्व वाणांना सदैव थोपवणारा रामबाण प्रकार यात शोधू नये. तरी एका प्रकाराबाबत असं दिसलं की तो जिथे जास्त आढळतो तिथे रानातल्या चिंपांझींत संसर्ग कमी आहे.

चिंपांझींच्या चार उपजाती आहेत. एसआयव्ही फक्त दोघींत सापडतो, मध्य आफ्रिकेतल्या आणि पूर्व आफ्रिकेतल्या. पश्चिमेकडच्या उपजातीत तो नाही, आणि तिथे सीडी४चं वैविध्यही फार कमी उरलं आहे. जणू कधीकाळी एकच प्रकार फायद्याचा ठरला आणि बाकीचे मागे पडले. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातले हे चिंपांझी लाल कोलोबस माकडांची शिकार करून खातात. त्या माकडांत एसआयव्ही भरपूर आहे, तरी चिंपांझींत तो शिरलेला दिसत नाही.

चिंपांझीला एसआयव्हीचा त्रास होत नाही असं पूर्वी मानलं जाई. टांझानियातल्या गोम्बेच्या अभ्यासाने २००९ मध्ये ते खोडून काढलं. लागण झालेल्या चिंपांझींचा मरणाचा धोका त्याच वयाच्या निरोगी चिंपांझींच्या १० ते १६ पट निघाला. पिढ्यान् पिढ्या अशी किंमत मोजावी लागत असेल तर दारातला छोटा अडथळाही जपला जाणारच.

रानातल्या चिंपांझीचं जनुक वाचायचं कसं

रानातल्या चिंपांझीला पकडून रक्त काढणं धोक्याचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी परवानगीही मिळत नाही. मग काम विष्ठेवर चालतं. सकाळी चिंपांझी घरटं सोडून गेले की झाडाखालची ताजी विष्ठा, साधारण २० ग्रॅम, ५० मिलिलिटरच्या नळीत घ्यायची आणि तेवढंच आरएनएलेटर हे द्रावण घालून नीट मिसळायचं. या द्रावणामुळे डीएनए आणि आरएनए दोन्ही टिकतात, जंगलात बर्फ मिळत नसला तरी. द्रावण कमी पडलं किंवा मिसळलं गेलं नाही तर गोळ्याच्या आतला भाग सडतो आणि हाती काही लागत नाही.

प्रयोगशाळेत आधी मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून जात आणि उपजात ठरवतात, कारण जंगलात गोरिलाची विष्ठा चिंपांझीची समजून उचलली जाणं सहज शक्य आहे. मग मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएमधल्या प्राण्यागणिक वेगळ्या असणाऱ्या खुणांवरून, नेमका प्राणी कोणता हे ठरवतात. ते केलं नाही तर एकच चिंपांझी तीनदा मोजला जातो. विषाणूची लागण आहे का, हे विष्ठेतल्या प्रतिपिंडांवरून आणि विषाणूच्या आरएनएवरून कळतं. शेवटी सीडी४च्या डी१ भागाची पीसीआरने नक्कल काढून क्रम वाचतात.

खरी अडचण इथे येते. प्रत्येक प्राण्याकडे सीडी४च्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. विष्ठेत यजमानाचा डीएनए अगदी थोडा आणि तुटलेला असतो. पीसीआर सुरू होताना योगायोगाने एकच प्रत हाती लागली तर दोन वेगळे प्रकार असलेला प्राणी एकाच प्रकाराचा वाटतो. याला प्रत गळणं म्हणू. उपाय एकच, पीसीआर पुन्हा पुन्हा करणं. सर्वांत वाईट परिस्थिती धरू: दर वेळी दोनपैकी एकच प्रत मिळते, तीही चिठ्ठी उचलल्यासारखी. अशा वेळी ४ फेऱ्यांत तीच ती प्रत मिळण्याची शक्यता ८ मध्ये १ असते. ७ फेऱ्या केल्या तर ६४ मध्ये १, आणि ८ फेऱ्यांत १२८ मध्ये १, म्हणजे १ टक्क्याच्या आत. दोन प्रकार दिसले की काम संपलं. एकच दिसतोय म्हटलं की मेहनत वाढते.

दुसरी भानगड माणसाच्या डीएनएची. तंत्रज्ञाच्या कातडीचा कणही नळीत गेला तर माणसाचा सीडी४ वाचला जातो, आणि तो चिंपांझीच्या इतका जवळचा की गोंधळ चटकन लक्षात येत नाही. ३२ व्या जागची साखर इथे उपयोगी पडते. चिंपांझीच्या नमुन्यात ती खूण गायब दिसली तर आधी नळीवर संशय घ्यावा.

प्रकार निघाला, पण विषाणू अडतो हे कशावरून

त्यासाठी एकदाच शिरणारा, पुढे न वाढणारा विषाणू बनवतात. एचआयव्हीच्या जनुकसंचातून आवरणाचं जनुक काढून त्या जागी चमकणारं प्रथिन बनवणारं जनुक ठेवायचं. ज्या वाणाची परीक्षा घ्यायची त्याच्या आवरणाचं जनुक वेगळ्या प्लाझमिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, द्यायचं. दोन्ही प्लाझमिड २९३टी या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत एकत्र घातले की दोन-तीन दिवसांत पेशींवरच्या द्रवात विषाणू जमा होतो. तो ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून उणे ८० अंशांवर ठेवतात.

दुसरीकडे अशा पेशी घ्यायच्या ज्यांच्यावर सीसीआर५ आहे पण सीडी४ नाही. त्यांच्या वेगवेगळ्या वाट्यांत सीडी४चा एकेक प्रकार घालायचा, मग सगळ्यांवर सारखाच विषाणू सोडायचा आणि सुमारे ४८ तासांनी प्रकाश मोजायचा. जास्त प्रकाश म्हणजे जास्त शिरकाव.

प्रकाश कमी आला म्हणजे सीडी४ने विषाणू अडवला असं लगेच लिहून मोकळं व्हायचं नाही. कदाचित त्या वाटीत सीडी४ पेशीच्या पृष्ठभागावर पोचलाच नसेल. म्हणून प्रत्येक वाटीतल्या पेशींवर सीडी४ किती हे फ्लो सायटोमीटर या पेशी एकेक तपासणाऱ्या यंत्रावर मोजावं लागतं. तिथेही जपावं लागतं: मोजणीसाठी वापरलेलं प्रतिपिंड डी१लाच चिकटणारं असेल तर बदललेल्या डी१वर ते बसणार नाही आणि सीडी४ असूनही नाही असं दिसेल. म्हणून डी३ला चिकटणारं प्रतिपिंड घ्यावं. जोडीला दोन वाट्या हव्यातच. एका वाटीत सीडी४ मुळीच नको, म्हणजे पाया कळतो. दुसरीत सीडी४शिवाय शिरणारं व्हीएसव्ही-जी आवरण चढवलेला विषाणू, म्हणजे पेशी जिवंत आणि धडधाकट आहेत हे कळतं.

जाता जाता एक गोष्ट. माणसाच्या सीडी४मध्येही एक माहीत असलेला बदल आहे, पण तो डी३मध्ये. अशा माणसाचं रक्त ओकेटी४ या प्रतिपिंडाने तपासलं तर सीडी४ पेशी दिसतच नाहीत, असूनही. रिपोर्ट भयंकर कमी आणि माणूस ठणठणीत अशी जोडी दिसली तर प्रतिपिंड बदलून पुन्हा तपासणी करतात.

फक्त चिंपांझी नव्हेत

२०२१ मध्ये हान यांच्याच गटाने ५०० हून अधिक आफ्रिकी माकडं आणि वानरकुळातल्या प्राण्यांचा डी१ वाचला. २९ जातींपैकी २४ जातींत फरक सापडले, एका जातीत तर तब्बल ११ प्रकार. दोन गोष्टी विशेष आहेत. वेगवेगळ्या कुळांत साखरेच्या त्याच जागा स्वतंत्रपणे पुन्हा उगवल्या आहेत. आणि ग्वेनॉन या आफ्रिकी माकडांच्या गटातल्या ७ जातींत तेच ते प्रकार वाटून गेलेले दिसतात, म्हणजे जाती वेगळ्या होण्याआधीपासून हे प्रकार सांभाळले गेले आहेत, लाखो वर्षं.

एक प्रकार चांगला असेल तर बाकीचे नष्ट का होत नाहीत? आपल्या कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सगळ्या शिवारात उसाचा एकच वाण उभा असला आणि तांबेऱ्याला तो एकदा मानवला की रोगाला बांधावर थांबायचं कारण उरत नाही. वाण मिसळलेले असतील तर दर बांधावर त्याला नव्याने जुळवून घ्यावं लागतं. विषाणू कळपात जास्त दिसणाऱ्या सीडी४शी जुळवून घेतो, मग दुर्मिळ प्रकारवाले वाचतात, त्यांची पिलं वाढतात. तो प्रकार वाढला की विषाणू त्याच्याकडे वळतो. त्यामुळे कुठलाच प्रकार पूर्ण जिंकत नाही आणि कुठलाच संपत नाही.

माणसाचं शिवार या बाबतीत एकवाणी आहे. आपल्या डी१वर साखर नाही, भाराचा अडसर नाही, आणि एका माणसाला जुळलेला विषाणू दुसऱ्या माणसाच्या सीडी४पाशी अडत नाही.

सीसीआर५ची गोष्ट

दुसऱ्या रिसेप्टरमध्ये मात्र माणसातही फरक आहे. सीसीआर५च्या जनुकातून ३२ अक्षरं गळालेला एक प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. ३२ला तीनने भाग जात नाही, म्हणून पुढची सगळी वाचनाची घडी विस्कटते आणि अर्धवट प्रथिन पृष्ठभागावर पोचत नाही. दोन्ही प्रती अशा असलेला माणूस, तिकडे साधारण शंभरात एक, सीसीआर५ वापरणाऱ्या एचआयव्हीला जवळजवळ दाद देत नाही. एकच प्रत असेल तर लागण होते, पण आजार सहसा सावकाश वाढतो. भारतीयांत हा प्रकार अतिशय दुर्मिळ आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या लाल टोपीच्या मँगाबे माकडात सीसीआर५ची २४ अक्षरं गळालेला प्रकार इतका पसरला आहे की बहुतेक माकडांत तोच असतो. चोवीसला तीनने भाग जातो, घडी विस्कटत नाही, फक्त ८ अमिनो आम्लं कमी होतात. तरी प्रथिन निकामी होतं. मग त्यांचा विषाणू गप्प बसला का? नाही. त्याने सीसीआर२बी नावाचा शेजारचा रिसेप्टर धरला. काजळी मँगाबे या दुसऱ्या माकडात २ अक्षरं गळालेला प्रकार आहे, आणि दोन्ही प्रती तशा असलेल्या माकडांनाही एसआयव्ही होतो, कारण तो सीएक्ससीआर६सारख्या दुसऱ्या वाटेने जातो. दुसरा रिसेप्टर बदलायला पर्याय सापडतात, सीडी४ला पर्याय सहसा सापडत नाही. या विषयात ही तफावत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

माणसापर्यंतची वाट, आणि आपली माकडं

चाळीसहून जास्त आफ्रिकी जातींत आपापला एसआयव्ही आहे. चिंपांझीचा विषाणू दोन माकडी विषाणूंच्या मिश्रणातून झाला; त्यातला एक लाल टोपीच्या मँगाबेचा. शिकारीतून तो चिंपांझीत आला, आणि चिंपांझी व गोरिला यांच्याकडून माणसात किमान चार वेळा. त्या चार उड्यांतून एचआयव्ही-१चे एम, एन, ओ, पी हे गट झाले. जगभर पसरलेला एम गट आग्नेय कॅमेरूनच्या चिंपांझींमधून आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास माणसात रुजला. एचआयव्ही-२ काजळी मँगाबेकडून आला, तोही एकाहून अधिक वेळा. सीडी४ ही एकच भिंत नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. पेशीच्या आत ट्रिम५, अपोबेक३जी, टेथरिन अशी प्रथिनं पहारा देतात, आणि विषाणूला प्रत्येकाशी जुळवून घ्यावं लागलं.

महाबळेश्वर, सज्जनगड, चांदोलीच्या वाटेवर माकडांचे कळप पाहून लोक विचारतात की माकड चावलं तर एचआयव्ही होतो का. होत नाही. आशियातल्या कुठल्याही माकडात एसआयव्ही निसर्गतः नाही, ना लाल तोंडाच्या माकडात ना काळ्या तोंडाच्या वानरात. अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांत भारतीय ऱ्हीसस माकडांना एड्ससारखा आजार झाला तो आफ्रिकेच्या मँगाबेचा विषाणू पिंजऱ्यांतून त्यांच्यात गेल्यामुळे. १९८५ मध्ये तो ओळखला गेला. खुद्द एचआयव्ही-१ला ऱ्हीससचा सीडी४ नीट धरता येत नाही, कारण ३९ व्या जागी माणसात ॲस्परॅजिन आहे आणि ऱ्हीससमध्ये आयसोल्युसिन.

माकड चावल्यावर भीती रेबीजची असते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना-तेल काही लावायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची, सगळे डोस घ्यायचे. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना विचारायचं. लाल तोंडाच्या माकडांत बी व्हायरस हा वेगळा धोकादायक विषाणूही असू शकतो, म्हणून चावा कोणत्या माकडाचा हे सांगायचं.

मग सीसीआर५चं जनुक तपासून घ्यावं का

सीसीआर५ तपासून देतो म्हणणाऱ्या महागड्या जाहिरातींवर आपल्याकडे पैसे घालवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे तो गळालेला प्रकार सापडण्याची शक्यताच नगण्य, आणि सापडला तरी सीएक्ससीआर४ वापरणारा विषाणू त्याला जुमानत नाही. टिमोथी रे ब्राउन या एचआयव्ही असलेल्या रुग्णाला ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगासाठी, २००७ मध्ये जर्मनीत मूळपेशींचा असा दाता मिळाला ज्याच्या सीसीआर५च्या दोन्ही प्रती गळालेल्या होत्या, आणि एचआयव्ही गेला. पण जर्मनीतच दुसऱ्या एका रुग्णात तसाच दाता असूनही सीएक्ससीआर४ वापरणारा विषाणू परत वर आला. सीसीआर५ अडवणारं मॅराव्हिरोक हे औषध म्हणूनच विषाणू कोणता रिसेप्टर वापरतो हे तपासल्याशिवाय देत नाहीत.

सरकारी सेंटरवर मिळणारी टीएलडी गोळी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर, विषाणू पेशीत शिरल्यानंतर काम करते. त्यामुळे तुमचा सीसीआर५ कसा, विषाणूने कोणता दरवाजा धरला, याने तिला फरक पडत नाही. फरक पडतो तो गोळी चुकवल्याने.

माकडांच्या कुळाचा एक थेट उपयोग मात्र तुमच्या कागदावर आहे. आयसीटीसीच्या, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्राच्या, रिपोर्टवर एचआयव्ही-१, एचआयव्ही-२ की दोन्ही, हे लिहिलेलं असतं. पश्चिम भारतात एचआयव्ही-२ थोडा का होईना आढळतो. तो काजळी मँगाबेच्या शाखेचा असल्याने नेव्हिरापिन आणि इफाव्हिरेंझ ही जुनी औषधं त्याला लागू पडत नाहीत, टीएलडीमधली औषधं पडतात. एचआयव्ही-१साठी बनवलेली व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती हे मोजणारी, तपासणीही त्याला नीट मोजत नाही. म्हणून कागदावर २ असेल आणि व्हायरल लोड शून्य येऊनही सीडी४ घसरत असेल, तर ती ओळ डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा.